आत्याचा होकार

सांगली,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आण्णा,

‘तीर्थरूप’ लिहिलं की तुम्ही त्याखाली लाल रेघ मारता, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं आहे. नमस्कार नेहमीचाच.

इथे ठीक आहे. दाढ काढल्याची सूज उतरली, असं आईला सांगा. कारखाने सुरू झाल्यापासून उसाच्या ट्रॅक्टरांमुळे लॅबमध्ये पोचायला वीस मिनिटं जास्त लागतात. लॅबमध्ये तपासणीला आलेल्या प्रेशर गेजचा ढीग आहे, त्यामुळे शनिवारची सुट्टी दोनदा गेली. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? ‘बरं आहे’ हे उत्तर नको, रिपोर्टचा फोटो पाठवा.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझ्या तिसऱ्या वाक्याला तुम्ही मुद्दा काढता आणि मी बोलायची थांबते. पत्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तुम्ही मला दोन कामं सांगितली होती. तुमच्या अंधश्रद्धा निर्मूलन मंडळाला पंचवीस वर्षं होत आहेत, तर स्मरणिकेसाठी पंधरा तारखेच्या आत लेख द्यायचा: ‘माणसाच्या क्रौर्याला जबाबदार कोण, धर्म की नास्तिकता?’ आणि तीस तारखेच्या कार्यक्रमात बनूआत्यानं स्टेजवर येऊन आपली जट आपण स्वखुशीनं काढून घेतली हे सांगायचं, त्यासाठी तिला मी तयार करायचं. त्या कीर्तनकार बुवांनी कराडात भर मांडवात म्हटलं होतं की देव न मानणाऱ्याच्या काळजात दया नसते. त्यांना हे उत्तर. “माझी सख्खी थोरली बहीण, तिच्या स्वतःच्या तोंडून. याहून मोठा पुरावा कुठला?” असं तुम्ही म्हणालात.

लेख तुम्हाला हवा तसा मी देऊ शकत नाही. आत्याला स्टेजवर आणणार नाही. रविवारी मी तिच्याकडे जाऊन आले. तिथे काय झालं ते कळावं म्हणून हे पत्र.

आधी लेखाचं. मी खरंच बसले होते. कागदाच्या मध्ये रेघ मारून एका बाजूला धर्माच्या नावावर झालेल्या कत्तली लिहिल्या, दुसऱ्या बाजूला देव मोडीत काढणाऱ्या राजवटींनी मारलेली माणसं. दोन्ही बाजू भरल्या. एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला असता तरी त्यातून काय सिद्ध झालं असतं ते मला कळेना. तुमच्याकडे पहिली यादी पाठ आहे, बुवांकडे दुसरी. दोघांच्याही याद्या बरोबर आहेत. आणि दोघांच्याही यादीत स्वतःच्या घरचं एकही नाव नाही.

मग मी तुम्ही पाठवलेली स्मरणिकेची कच्ची प्रत तपासायला घेतली, कारण ते मला जमतं. पान चौतीसवर तुम्ही आत्याच्या जटेचं वजन एक किलो दिलं आहे. ते सातशे ऐंशी ग्रॅम होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं होतं. तारीख २६ डिसेंबर नव्हे, २७ डिसेंबर २०१३, शुक्रवार. आणि जट वीस वर्षं नव्हती, सतरा वर्षं होती. त्याच पानावर शेवटून तिसरी ओळ आहे: ‘अखेर आक्काने स्वतः मान हलवून होकार दिला.’ या ओळीपाशी मी पेन्सिल ठेवली आणि जेवायला गेले. परत आल्यावर ती ओळ तशीच होती.

तुमचं चुकलं नव्हतं तेवढं आधी लिहिते. आत्याच्या केसांत गुंता झाला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. देवीची जट आली असं गावानं ठरवलं, तिला कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं देवीची बाई म्हणून तिला लांब ठेवलं आणि वर्षाच्या आत दुसरी केली. मंगळवारी देवळात तिच्या पाया पडणाऱ्या बायका बुधवारी तिला लग्नघरात पुढे येऊ देत नव्हत्या. तिची मान डावीकडे कलली होती. जटेखालची कातडी ओली राहून चिघळायची, वास यायचा. ती जट जायला हवी होती हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. मंडळाचे नियमही तुम्हीच लिहिले होते आणि ते चांगले आहेत. तीन वेळा भेटायचं. बाईशी बाईनं बोलायचं. होकार लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर. पहिली कात्री तिच्या स्वतःच्या हातानं.

तीन भेटी झाल्या होत्या. तिन्ही वेळा आत्या “बघू की” म्हणाली होती. त्या शुक्रवारी तिच्याशी बोलायला मंडळाच्या विजयमालाताई येणार होत्या, पण त्यांचा मुलगा आजारी पडला. त्यांनी फोनवर सांगितलं, “सर, मी सोमवारी येते, तोवर थांबा.” मी शेजारीच उभी होते. तुम्ही थांबला नाहीत, कारण चार वाजता पेपरचा फोटोग्राफर येणार होता आणि सोमवारी आत्या गावी परतली असती. आई वाईला मामाकडे होती. घरात तुम्ही, मी आणि आत्या. चहा मी केला होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता रविवारचं.

औंधच्या रस्त्याची एसटी वेळेवर होती. अकराला पोचले. आत्या अंगणात सुलाबाईबरोबर शेंगा फोडत बसली होती. सुलाबाई म्हणजे पलीकडच्या घरातली, तुम्ही तिला ‘आकाशवाणी’ म्हणता ती. मला बघितल्या बघितल्या ती सुरू झाली.

“आली बाई सायबीन! सगळ्या जगाची मापं तपासती म्हनं. आमच्या दुकानदाराचा काटा बघ की एकदा. किलोला शंभर ग्रॅम खातोय मुडदा.”

“बघते,” मी म्हणाले.

“बघतीस कुटली. त्यो चा पाजंल आन तू पास करशील.”

“आगं पयलं बसू तर दी तिला,” आत्या म्हणाली. “लय वाळलीयास गं. दाढ काढली म्हनं? गार पानी पिऊ नगंस.”

तिचे केस आता पांढरे आहेत, खांद्यापर्यंत, तेल लावून मागे बांधलेले. मान सरळ आहे. हे तुमच्या बाजूला जमा धरा. तिच्या टाचा मात्र मी पहिल्यांदाच जवळून बघितल्या. उजव्या टाचेची भेग माझ्या नखाएवढी खोल आहे आणि तिच्यात माती बसली आहे. ती अनवाणी चालते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही दर भाऊबीजेला तिला चपला नेता आणि ती त्या सुलाबाईला देते. घरी येऊन तुम्ही आईला सांगता, “जट गेली, पण डोक्यातली अंधश्रद्धा काही जात नाही.” मीही ते ऐकून घेते.

मी तिला विचारलं, “आत्या, अनवाणी अजून किती दिवस?”

“केरबा सांगंल तवर.”

केरबा गुरव तुम्हाला आठवत असेलच. जट काढल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आत्या देवळात गेली, तेव्हा त्यानं तिला पायरीवर अडवलं. तो काय म्हणाला ते तिनं शेंगा फोडता फोडता सांगितलं. “त्यो म्हनला, बने, खरं बोल. जबरदस्ती केली का? केली आसंल तर तुजं काय न्हाई, पाप करनाऱ्याच्या माथ्यावर. पर तू हो म्हनली आसशील तर तुलाच फेडाय पायजे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्या म्हनलं, मला काय सुदीक आठवत न्हाई बाबा. पर आण्णा म्हनतोय, आक्का तू मान हलवलीस. आता माजा भाऊ खोटं बोलंल व्हय? देव मानत न्हाई त्यो, पर खोटं बोलल्यालं म्या कवा ऐकलं न्हाई. म्हंजी म्या हो म्हनले आसंन.”

आण्णा, हे मी शब्दाला शब्द लिहिलं आहे.

केरबानं ठरवून दिलेलं असं आहे: पायात काही घालायचं नाही. मंगळवारी आणि पुनवेला एकदा जेवायचं. देवीची परडी हातात घ्यायची नाही. आरतीला पायरीच्या खाली, चपला काढतात तिथे बसायचं. मुदत ठरलेली नाही, देवी सांगेल तेव्हा. चार वर्षांपूर्वी गावात जनावरं दगावली तेव्हा पंधरा दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. सुलाबाई मागच्या दारानं भाकरी देत होती. हेही आत्यानं आपल्याला आजवर सांगितलं नव्हतं.

म्हणजे तुमच्या स्मरणिकेला तिचा होकार लागतो आणि केरबाच्या शिक्षेलाही तोच होकार लागतो. एवढ्या एका बाबतीत तुमचं दोघांचं बारा वर्षं एकमत आहे. तिला मात्र तो आठवत नाही. तिनं तो तुमच्या शब्दावर मान्य केला आहे. नाकारला असता तर त्याच दिवशी सुटली असती, पण मग तुम्ही खोटे ठरला असता.

मी शेंगा खाली ठेवल्या. सुलाबाईला जायला सांगणार होते, पण सांगितलं नाही. कुणीतरी ऐकलेलं बरं, असं वाटलं.

तिला जे सांगितलं ते असं.

त्या दिवशी चहाच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालात, “आईच्या झोपेच्या गोळ्या आहेत ना, त्यातली अर्धी घाल. तिची भीती जरा कमी होईल, मग नीट बोलता येईल.” तुम्ही बाहेर गेलात. मी दोन घातल्या. लाटण्यानं बारीक करून, साखर जास्त टाकून.

मोजण्यात मी चुकले नव्हते. पाकिटावर सगळं छापलेलं होतं आणि मला वाचता येत होतं. अर्ध्या गोळीनं आत्या शांत झाली असती आणि चौथ्यांदा “बघू की” म्हणाली असती. मला ते नको होतं. सव्वातीनला तिची मान खाली आली. तुम्ही विचारलंत, “आक्का, काढूया ना?” तेव्हा मान आणखी एकदा हलली. झोप लागलेल्या माणसाची हलते तशी. तुम्ही ती होकार म्हणून घेतलीत, कारण तुमच्या हिशेबानं पोटात अर्धीच गोळी होती. कात्री तुम्ही चालवलीत. तिचा हात कात्रीवर ठेवून मी धरला होता. फोटोत तोच हात दिसतो. ती शनिवारी दुपारी दीडला उठली.

तिचं ब्लडप्रेशर किती आहे, तिला दुसरी कुठली औषधं चालू आहेत, मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. हेही मी तिला सांगितलं.

सुलाबाई म्हणाली, “आगं पोरी, मेली आसती म्हंजी?”

“हो,” मी म्हणाले.

आत्यानं विचारलं, “पर का गं?”

तेही सांगितलं. शनिवारी माझ्या कॉलेजचं बक्षीस वितरण होतं. अकरावीत विज्ञान प्रकल्पाला जिल्ह्यात पहिला नंबर आला होता, त्याचं. आत्या खास त्यासाठी गुरुवारीच आली होती. नवीन लुगडं घेऊन. वर्गातल्या मुलींनी तिला एकदा स्टँडवर माझ्याबरोबर बघितलं होतं आणि महिनाभर त्या मला ‘जटा’ म्हणत होत्या. आत्या पहिल्या रांगेत बसेल, टाळ्या वाजवेल, डोक्यावरचा पदर सरकेल, हे मला दिसत होतं. जट गेली तर बरं, नाही गेली तरी ती झोपलेली राहील, असा हिशेब मी केला होता. हिशेब बरोबर आला. मी एकटीच गेले, ढाल घेतली, घरी आले तेव्हा ती उठून बसली होती आणि दोन्ही हातांनी डोकं चाचपत होती. “दिली का गं ढाल?” असं तिनं मला विचारलं होतं.

आण्णा, त्या दुपारी माझ्या मनात देव नव्हता. देव नाही हेही नव्हतं. शनिवार होता.

आत्यानं हातातली शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले. मग म्हणाली, “किती घातल्यास?”

“दोन.”

“आन आण्णा किती म्हनलावता?”

“अर्धी.”

“म्हंजी म्या हो म्हनले न्हाई?”

“तू शुद्धीवर नव्हतीस.”

“तसं नगं सांगू. हो म्हनले का न्हाई?”

“नाही.”

“म्या हो म्हनले न्हाई,” ती सुलाबाईकडे बघून म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, अगदी हळू. मला वाटलं ती रडेल. ती उठली, लुगड्यावरची टरफलं झटकली आणि म्हणाली, “सुले, चपला काड तुज्या पायातल्या.”

“आगं, तुला हुतील का त्या?”

“काड म्हनते न्हवं.”

त्या तिला मोठ्या होत होत्या. चालताना मागून फटाफट वाजत होत्या. बारा वर्षांत सवय गेलेली, दोनदा अडखळली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. आम्ही तिघी देवळात गेलो. केरबा समया घासत बसला होता. आत्यानं चपला पायरीशी काढल्या आणि नेहमीच्या जागी न बसता वर चढली.

“बने, आगं ए!” तो उठला.

“म्या हो म्हनले नव्हते. पोरीनं गोळ्या दिल्या. इचार तिला.”

त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं समईकडे बघितलं, मग आत्याकडे. “आता गं? मग बारा वर्सांचं काय करायचं?”

“त्ये तू इचार तुज्या देवीला, तुजं तिचं बोलनं आसतंय. मला परडी दी हिकडं.”

त्यानं दिली. ती परडी मांडीवर घेऊन आत जाऊन बसली. केरबा बाहेर येऊन मला म्हणाला, “ताई, तुमच्या वडलांनी सांगितलं त्यावर आमी इस्वास ठिवला. धर्मात लिवलंय तसं केलं. आमचं काय चुकलं, सांगा.” त्याचा चेहरा खरंच विचारणाऱ्या माणसाचा होता. तुम्हीही हेच म्हणाल हे मला माहीत आहे: जट काढणं शास्त्राला धरून होतं, तिचं भलं झालं, काय चुकलं? त्यालाही आपल्या बाजूला दोष सापडत नाही. तुम्हा दोघांना एकत्र बसवलं तर पहाटेपर्यंत वाद घालाल आणि आत्या तुमच्यासाठी चहा करत राहील.

ती घरी आली तेव्हा दोन वाजले होते. तिनं ताट केलं. भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “खा. पर माज्याशी बोलू नगंस.” मी खाल्लं. तिनं दुसरी भाकरी वाढली, बोलली नाही. मी ‘चुकले’ म्हणाले, तर ती उठून आत गेली. एसटीपर्यंत सुलाबाई सोडायला आली. तिथे तिनं आत्याचा निरोप सांगितला: “आण्णाला म्हनावं, येकटा ये. फोटोवाला आनू नगंस.”

तर लेख. आमच्याकडे तपासणीच्या प्रत्येक दाखल्यावर, मोजलेल्या आकड्याशेजारी, मोजण्यात किती चूक असू शकते ते लिहावं लागतं. ते न लिहिता दाखला दिला तर तो बाद. धर्म की नास्तिकता या प्रश्नावर आजवर मी जेवढं वाचलं, त्यात तो रकाना कुणी भरलेला दिसला नाही. माझ्यापुरतं मी हे पत्र लिहून भरला आहे. स्मरणिकेत छापायचं असेल तर हेच छापा. गोळ्यांचा आकडा बदलू नका. छापायचं नसेल तर निदान पान चौतीसवरची ती ओळ काढा. वजन दुरुस्त केलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही मला खोटं बोलणारे वाटता असं समजू नका. तुम्ही जे बघितलं ते होकारासारखं दिसत होतं, आणि तसं का दिसत होतं ते मी तुमच्यापासून बारा वर्षं लपवलं. तुम्ही भाषणात सांगायचात, लोक टाळ्या वाजवायचे, मी खाली बसून ऐकायची. पण अर्धी गोळीसुद्धा तिला न सांगताच द्यायची होती. ती अर्धी तुमची आहे. तिच्यावरची दीड माझी. तुमच्या अर्धीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्यात मी काही सुचवणार नाही.

आईला हे वाचून दाखवा. गोळ्या कमी भरतात म्हणून तिनं तेव्हा मेडिकलवाल्याशी भांडण केलं होतं.

येत्या नव्हे, त्यापुढच्या रविवारी, तेवीसला, मी पुन्हा जाते आहे. आत्या बोलणार नाही, तरी जाणार. सांगलीहून निघून सव्वानऊपर्यंत कराड स्टँडवर पोचेन. औंधची गाडी साडेनऊला आहे. तुम्ही आलात तर माझ्याबरोबर बसा. नाही आलात तर का आला नाहीत ते मला फोनवर समजावू नका. तुमच्यासाठी जागा धरून ठेवणार नाही, गाडी रविवारी रिकामीच असते.

तुमची,
राजेश्वरी